ओल्ड स्कूल रूनस्केप सुरू करताना: कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

भाच्याला हा खेळ मी शिकवला. त्यानं वर्गातल्या पोरांना सांगितलं, त्या पोरांनी आपापल्या मामे-चुलत भावंडांना, आणि आता राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंतच्या ओळखी-अनोळखी माणसांचे मेसेज माझ्या फोनवर येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा सगळे नीट लिहून काढले. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एखाद्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला असेल तर तेही वाचा, म्हणजे पुन्हा विचारावं लागणार नाही.

1. ताई, हा खेळ नक्की आहे काय? आणि इतका जुना का दिसतो?

जुना दिसतो, कारण तो खरंच जुना आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा मूळ रूनस्केप 4 जानेवारी 2001 ला सुरू झाला. अँड्र्यू गोवर आणि त्याचा भाऊ पॉल यांनी तो उभा केला. पुढं खेळ इतका बदलला की पहिल्यापासून खेळणाऱ्यांना तो परका वाटायला लागला. कंपनीकडं ऑगस्ट 2007 मधली एक प्रत जपून ठेवलेली होती. खेळाडूंचं मतदान घेतलं आणि 22 फेब्रुवारी 2013 ला ती प्रत ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या नावानं पुन्हा सुरू झाली. आजही खेळात मोठी नवी गोष्ट आणायची तर खेळाडूंना विचारतात आणि 70 टक्के मतं पडली तरच ती येते.

खेळ म्हणाल तर एक काल्पनिक जग आहे: राजवाडे, गोब्लिन, ड्रॅगन, जादू. त्यात तुमचा एक माणूस. त्याला लढायला शिकवा, मासे धरायला शिकवा, लोखंड वितळवायला शिकवा, काहीही करा. तिथं त्याच वेळी जगभरातले हजारो लोक हेच करत असतात. ठरलेला शेवट नाही, आणि कुणी घाई करत नाही.

2. पैसे भरावे लागतात का?

सुरुवातीला एक रुपयाही नाही. फुकट खेळणाऱ्याला 15 कौशल्यं, बराच मोठा नकाशा आणि पहिल्या ड्रॅगनपर्यंतच्या मोहिमा मिळतात. पैसे भरून सदस्य झालात तर उरलेली कौशल्यं आणि उरलेला नकाशा उघडतो. माझं स्पष्ट मत आहे की पहिला महिना पैसे भरू नका. कधी भरावेत ते प्रश्न 15 मध्ये लिहिलंय.

3. माझा फोन साधा आहे आणि घरचा कॉम्प्युटर जुना. चालेल का? नेट किती खातो?

चालेल. या खेळाची हीच तर मोठी सोय आहे. चित्रं साधी असल्यामुळं जुन्या मशीनवरही अडत नाही. 30 ऑक्टोबर 2018 पासून तो अँड्रॉइड आणि आयफोनवर आहे. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडं तोच माणूस, तेच सामान. सकाळी के.एम.टी.च्या बसमध्ये फोनवर लाकडं तोडा, रात्री घरी कॉम्प्युटरवर तिथूनच पुढं चालू करा. व्हिडिओ बघायला जेवढा डेटा जातो त्याच्या मानानं हा काहीच खात नाही.

बहुतेक सर्व्हर लांब आहेत, हे खरं. यादी उघडली की ब्रिटन, जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असे झेंडे दिसतात. आपल्याकडून सहसा ब्रिटन आणि जर्मनीचे बरे चालतात, पण दोन-चार बदलून बघा. थोडा उशीर होतो म्हणून घाबरायचं कारण नाही. खेळाचं घड्याळच 0.6 सेकंदाच्या ठोक्यानं चालतं, म्हणजे तुमचा माणूस दर ठोक्याला एकदा हलतो. धाडधाड गोळ्या झाडायच्या खेळात उशीर नडतो, तसा इथं शिकाऊ माणसाला नडत नाही.

4. ऑनलाइन गेमवर सरकारनं बंदी घातली ना? मग हा चालतो कसा?

बंदी पैशाच्या खेळांवर आहे. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ज्या खेळात पैसे लावून बदल्यात पैसे जिंकायची आशा असते, ते खेळ त्यानं बंद केले. मनोरंजनासाठीचे खेळ आणि त्यांची वर्गणी त्यात येत नाही. ओल्ड स्कूलमध्ये तुम्ही रुपये लावत नाही आणि रुपये जिंकतही नाही. पण कुणी खेळातलं सोनं रुपयांत विकायला सांगत असेल तर तो वेगळा रस्ता आहे. त्यासाठी प्रश्न 14 बघा.

5. अकाउंट काढताना काय काळजी घ्यायची?

वय 13 पूर्ण असायला हवं. ईमेल स्वतःचा द्या आणि त्याचा पासवर्ड दुसरीकडं कुठंही वापरलेला नसावा. जॅगेक्स अकाउंट एकच काढा, त्यात पुढं 20 पर्यंत पात्रं ठेवता येतात. दुहेरी पडताळणी त्याच दिवशी चालू करा, उद्यावर ढकलू नका. खेळात शिरल्यावर बँकेला चार आकडी पिन लावा, पण जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नको. पात्राच्या नावात स्वतःचं आडनाव, शाळा, गाव घालू नका. ‘रांगडा वाघ’ वगैरे चालेल, पण तसली नावं आधीच गेलेली असतात.

6. ट्युटोरियल आयलंड संपलं, लंब्रिजमध्ये उभा आहे. आता काय करू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. ट्युटोरियल आयलंड म्हणजे सुरुवातीला खेळ शिकवणारं बेट, आणि लंब्रिज म्हणजे तिथून पुढं तुम्ही पोहोचता ते गाव. इथंच निम्मी पोरं खेळ सोडतात, कारण पुढं जायला कुठला बाण दिसत नाही.

मी सगळ्यांना एकच सांगते: आधी लंब्रिजच्या वाड्याच्या स्वयंपाकघरात जा. तिथं एक आचारी रडकुंडीला आलेला असतो. वाड्याच्या मालकाचा, ड्यूकचा, वाढदिवस आहे आणि केक करायला सामान नाही. त्याला एक अंडं, बादलीभर दूध आणि भांडंभर पीठ आणून द्यायचं. ही ‘कुक्स असिस्टंट’ नावाची मोहीम. दिसायला किरकोळ आहे, पण सगळा खेळ कसा चालतो ते हिच्यात कळतं.

भांडं तिथंच टेबलावर आहे. बादली तळघरात मिळते. जमिनीतली झडप उघडून शिडीनं खाली उतरा. अंडं कोंबड्यांच्या खुराड्यात पडलेलं असतं, नुसतं उचला. दूध मात्र कुठल्याही गाईचं निघत नाही, दुभती गाय वेगळी असते, तिच्यावर बादली वापरायची. आता पीठ. उत्तरेला पवनचक्की आहे आणि शेजारी गव्हाचं शेत. गहू खुडा, चक्कीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जा, गहू वरच्या पेटीत टाका, दांडा ओढा. वर काहीच दिसत नाही. इथं लोक अडतात आणि मला मेसेज करतात, ‘ताई, गहू गेला, पीठ आलं नाही.’ पीठ खाली आलेलं असतं. तळमजल्यावर उतरा आणि भांडं घेऊन पेटीतून भरा. गिरणीत वर दळण टाकलं की खाली पीठ पडतं, तसंच.

बदल्यात एक क्वेस्ट पॉइंट (मोहीम पूर्ण केल्याचा गुण) आणि स्वयंपाकाचे 300 अनुभवगुण मिळतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या खेळात वस्तू वस्तूवर ‘वापरायची’ असते, मजले चढायचे-उतरायचे असतात आणि उत्तर समोर नसलं तरी जवळपासच असतं, हे तुम्हाला कळलेलं असतं.

त्यानंतर त्याच परिसरात राहा. पुलापलीकडच्या गोब्लिनशी लढा. गाईंच्या कुरणात जा. दलदलीकडं जाळं टाकून कोळंबी धरा, झाड तोडा, तिथंच जाळ करून ती भाजा. पहिल्या दहातल्या निम्म्या जळतील. त्या जळायच्या पूर्ण थांबायला स्वयंपाकाची 34 वी पातळी लागते, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. बँक वाड्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. पिशवीत 28 च जागा असल्यानं तो जिना तुम्हाला पाठ होणार.

दोन-तीन दिवस असे गेले की ‘शीप शिअरर’ करा, म्हणजे मेंढ्यांची लोकर कातरून 20 गुंडे द्यायचे. मग ‘रून मिस्टरीज’ आणि ‘गोब्लिन डिप्लोमसी’. एवढ्यात वॅरॉक या मोठ्या शहराचा रस्ता सापडलेला असतो.

7. माझं इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल. बोलणं आपण पुढं ढकलेपर्यंत पडद्यावर थांबून राहतं, त्यामुळं सावकाश वाचता येतं. माझ्या भाच्याला शाळेत सांगून कळले नव्हते ते शब्द इथं कळले. हातोडा, नांगर, कच्चं खनिज, भट्टी, कातडं कमावणारा हे सगळे त्यानं त्या-त्या गोष्टीवर बोट ठेवून शिकले. वहीत लिहून ठेवत होता, ती वही अजून आहे. अडलं तर खेळाच्या विकीवर प्रत्येक मोहिमेची पायरी-पायरीनं माहिती आहे. आधी स्वतः प्रयत्न करा, दहा मिनिटं गेली की बघा. खेळातल्या गप्पांत देवनागरी उमटत नाही. आमची पोरं मराठीच बोलतात, पण इंग्रजी अक्षरांत.

8. तलवार घेऊ, धनुष्य घेऊ की जादू शिकू?

तिन्ही शिकायचं आहे, आज ना उद्या. तलवारवाला धनुर्धाऱ्यावर भारी, धनुर्धारी जादूगारावर, जादूगार तलवारवाल्यावर. सुरुवात तलवारीनं करा, कारण बाण आणि मंत्राचे दगड संपतात, तलवार संपत नाही.

शस्त्राच्या पाटीवर लढायच्या पद्धती असतात. एकीनं नेम वाढतो, एकीनं ताकद, एकीनं बचाव. बरेच जण ती पाटी उघडतच नाहीत आणि मग विचारतात की माझी ताकद 1 वरच का राहिली. चिलखताची चढण अशी: कांस्य आणि लोखंड पहिल्या पातळीपासून, पोलाद पाचव्या, मिथ्रिल 20, ॲडमंट 30, रून 40. पातळी आली की लगेच बदला. आणि लढायला जाताना पिशवीत खायला घेऊन जा. ट्राउट खाल्ला की 7 जीव भरतात, सालमनचे 9, लॉबस्टरचे 12. उपाशी जाणारा परत येत नाही.

9. मेलो तर सगळं सामान जातं का?

नाही. साध्या ठिकाणी राक्षसाकडून मेलात तर सगळ्यात महाग तीन वस्तू तुमच्याजवळच राहतात आणि बाकीचं मेलात तिथं थडग्यात जातं. 15 मिनिटांत तिथं पोहोचा आणि उचला. हे 15 मिनिटं तुम्ही खेळात असतानाच मोजले जातात, त्यामुळं आईनं जेवायला हाक मारली तर बाहेर पडून जेवून या. वेळ संपलाच तर सामान मृत्यूच्या कचेरीत जमा होतं आणि फी भरून सोडवता येतं. वाइल्डरनेसचा हिशोब पूर्ण वेगळा आहे, तो प्रश्न 12 मध्ये.

10. सोनं कसं कमवायचं? माझ्याकडं दोनशे नाणी आहेत फक्त.

गाई. खरंच गाई. मारलेल्या प्रत्येक गाईचं कातडं उचला, पिशवी भरली की बँकेत टाका. लढाईही वाढते आणि कातडीही जमतात. ती तशीच विका किंवा अल खारिद या शहरात नेऊन एका नाण्याला एक अशी मऊ कमावून घ्या. वेशीवर 10 नाणी जकात मागतात, ती जवळ ठेवा. कोंबड्यांची पिसंही टाकू नका. पिसांनीच पुढं ट्राउट आणि सालमन धरायचे असतात, त्यामुळं त्यांना कायम गिऱ्हाईक असतं.

थोडी ताकद आली की एजव्हिल गावाच्या भुयारातले डोंगरी राक्षस (हिल जायंट). पातळी 28, मोठी हाडं टाकतात. त्यांच्याकडं जायचा जवळचा दरवाजा पितळी किल्लीनं उघडतो. आणि एक कानमंत्र: तुमची लढाईची पातळी समोरच्याच्या दुपटीपेक्षा जास्त झाली की तो स्वतःहून अंगावर येत नाही. म्हणून जिथून आज पळून यावं लागतं, तिथं महिन्यानं निवांत उभं राहता येतं.

11. ग्रँड एक्सचेंज म्हणजे काय? आणि माझा ट्रेड का होत नाही?

वॅरॉकच्या वायव्येला मोठा बाजार आहे. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा घेणारा-देणारा समोरासमोर असतात. इथं समोर कुणी नाही. तुम्ही भाव लावून वस्तू ठेवता, जगात कुठंतरी कुणी त्याच भावाला मागत असतो आणि खेळ दोघांना जुळवून देतो. फुकट खेळणाऱ्याला एकावेळी तीन सौदे लावता येतात, सदस्याला आठ. भाव घाईनं पाडू नका. रात्री लावा, सकाळी बघा.

ट्रेड होत नसेल तर तुमचं काही चुकलेलं नाही. फुकट खेळणाऱ्या नव्या खात्यावर सोन्याच्या चोरट्या विक्रीला आळा घालायला काही बंधनं असतात. 20 तास खेळ, एकूण 100 पातळ्या आणि 10 क्वेस्ट पॉइंट, हे तिन्ही झालं की ती निघतात. प्रश्न 6 मधल्या वाटेनं पुढं जात राहिलात तर हे आपोआप होतं.

12. वाइल्डरनेसमध्ये जाऊ का?

नकाशाच्या उत्तरेला एक चर आहे. त्यावरून उडी मारली की तुम्ही अशा जागी असता जिथं दुसरा खेळाडू तुम्हाला मारू शकतो. जितकं आत जाल तितका त्या जागेचा आकडा वाढतो. आकडा 10 असेल तर तुमच्यापेक्षा 10 पातळ्या वर किंवा खाली असलेला कुणीही हल्ला करू शकतो. 20 च्या पुढं साधे टेलिपोर्टचे (क्षणात दुसरीकडं नेणारे) मंत्र चालत नाहीत, पायी परत यावं लागतं. दुसऱ्या खेळाडूनं मारलं तर थडगं वगैरे काही नाही, सामान त्याचं. तुम्ही आधी हात उगारला असेल तर डोक्यावर कवटी येते आणि मग त्या तीन वस्तूही वाचत नाहीत.

जायचंच असेल तर अंगावरचं सगळं बँकेत ठेवून, गेलं तरी चालेल एवढंच घेऊन जा. एकदा बघून यायला हरकत नाही, पण कुणाच्या मागून जाऊ नका.

13. एक जण म्हणतो, सोनं दे, दुप्पट करून देतो. आधी थोडं दिलं तर खरंच दुप्पट दिलं!

थोडं दुप्पट देतो तो मोठं घेण्यासाठीच. हे वाचून तरी थांबा.

माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगते. त्यानं दोन महिने गाई मारून, खाणीत बसून ॲडमंटचं पूर्ण चिलखत घेतलं होतं. वॅरॉकच्या बँकेपाशी एका खेळाडूनं त्याला सांगितलं, ‘तुझ्या चिलखताला सोनेरी किनार लावून देतो, फुकट. माझं कौशल्य वाढतंय.’ भावानं ट्रेडमध्ये चिलखत ठेवलं, मान्य केलं, पुन्हा मान्य केलं. समोरचा तिथल्या तिथं नाहीसा झाला. त्या रात्री हा जेवला नाही. आईला वाटलं शाळेत काही झालं. मी त्याच्या शेजारी बसून तो संवाद वाचला तेव्हा कळलं, की त्याला चिलखतापेक्षा आपण विश्वास ठेवला याचं जास्त लागलं होतं. चिलखताला किनार लावायचं कौशल्य या खेळात नाहीच. कधीही नव्हतं.

बाकीचे प्रकार असे. ‘माझ्यामागून ये, भारी जागा दाखवतो’ म्हणून वाइल्डरनेसमध्ये नेणारा. ‘ही दोन बटणं दाबली की वस्तूची नक्कल होते’ म्हणणारा. त्यानं तुमची खिडकी बंद होते आणि जमिनीवर टाकलेली वस्तू तो उचलतो. ‘मी खेळ सोडतोय, सगळं वाटतोय’ अशा थेट प्रक्षेपणाची लिंक, जी खोट्या लॉगिन पानावर नेते. ‘तुमच्या खात्यावर कारवाई झाली आहे, इथं क्लिक करा’ असा ईमेल. कंपनी तुम्हाला पासवर्ड कधीही विचारत नाही. ट्रेडची दुसरी खिडकी येते ती पुन्हा बघायलाच असते. तिथं दहा सेकंद थांबा, वस्तू आणि शून्यं मोजा.

फसला असाल तर लाजू नका, घरात सांगा. खेळाडूची तक्रार त्याच्या नावावरूनच करता येते. गेलेलं सामान मात्र परत मिळत नाही, हे आधीच मनाशी धरा.

14. रुपये देऊन सोनं घेतलं तर कुणाला कळणार आहे? आणि विकलं तर?

दोन्ही नियमाविरुद्ध आहे आणि दोन्हीत खातं कायमचं बंद होऊ शकतं. विकणाऱ्यांकडचं सोनं पुष्कळदा चोरलेल्या खात्यांतलं असतं. माझ्या भावासारख्या कुणाची तरी दोन महिन्यांची मेहनत असते ती. शिवाय अनोळखी माणसाला यूपीआयनं पैसे पाठवल्यावर तक्रार कुणाकडं करणार? कायदेशीर वाट एकच आहे, बाँडची. ती पुढच्या उत्तरात आहे.

15. मेंबरशिप कधी घेऊ? बाँड म्हणजे काय? आणि मुदत संपली की सामान जातं का?

‘ड्रॅगन स्लेअर’ पूर्ण करा, मग घ्या. त्याला 32 क्वेस्ट पॉइंट लागतात. आगीपासून वाचवणारी ढाल लंब्रिजच्या वाड्यातल्या ड्यूककडून मिळते, जहाज मिळवून क्रँडोर बेटावर जायचं आणि एल्वार्ग नावाच्या ड्रॅगनशी लढायचं. ढाल विसरून गेलेल्या तिघांचे मेसेज एकाच आठवड्यात आले होते, म्हणून दोनदा लिहिते: ढाल न्या, अंगावर चढवा. ही मोहीम जमली म्हणजे खेळ तुम्हाला आवडला आहे, आणि पैसे वाया जाणार नाहीत.

बाँड कुणीतरी खऱ्या पैशानं घेतो आणि खेळातल्या बाजारात सोन्याला विकतो. तुम्ही सोनं देऊन तो घेतला आणि वापरला की 14 दिवसांची सदस्यता मिळते. फुकट खेळणाऱ्यालाही बाजारातून घेता येतो, पण तेवढं सोनं जमवायला फार घाम गाळावा लागतो. पहिल्या खेपेला तरी बाँडच्या मागं लागून मजा घालवू नका.

पैसे भरताना फोनवरून भरलेत तर आपोआप होणारं नूतनीकरण बंद करा. नाहीतर पुढच्या महिन्यात खात्यातून पैसे जातात आणि घरी बोलणी बसतात. सदस्य झाल्यावर पहिल्या आठवड्यात ‘वॉटरफॉल क्वेस्ट’ करा. तिच्यात नेम आणि ताकद दोन्हींचे 13,750 अनुभवगुण मिळतात, म्हणजे पहिल्या पातळीवरचा माणूस थेट तिसाव्या पातळीवर.

मुदत संपली तरी सदस्यांच्या वस्तू आणि पातळ्या तशाच राहतात. त्या वापरता येत नाहीत, एवढंच. पुन्हा भरलेत की जसंच्या तसं.

16. 99 पातळी गाठायला किती वेळ लागतो?

1,30,34,431 अनुभवगुण लागतात. चढण पुढं-पुढं उभी होत जाते. 92 व्या पातळीवर पोहोचलात तेव्हा निम्मी वाट झालेली असते. विलोच्या झाडाचं एक लाकूड 67.5 गुण देतं, म्हणजे नुसत्या विलोवर लाकूडतोडीची 99 करायची तर जवळपास 1 लाख 93 हजार लाकडं.

हा आकडा ऐकून पोरं गप्प होतात. मी त्यांना तालमीचं सांगते. पहिल्या दिवशी कुणी खासबागेत उतरत नाही. आधी हौद्यातली माती खणायची, मग जोर, मग बैठका, आणि वस्ताद जेव्हा म्हणेल तेव्हा जोड. आमच्या शेजारचे काका पैलवान होते. ते सांगायचे की बैठका मोजायचं मी सोडलं, त्या दिवसापासून अंग भरायला लागलं. लाकडं तोडताना गाणी ऐका, मित्राशी बोला, अभ्यासाची उजळणी करा. 99 चा ध्यास पहिल्या वर्षी नको. 30 झाली, विलो मिळाला, यातच आनंद आहे.

17. लढता लढता लाईट गेली तर?

जून-जुलैत हा प्रश्न रोज येतो. लढाई चालू असताना नेट तुटलं तर तुमचा माणूस लगेच बाहेर पडत नाही, थोडा वेळ तिथंच उभा राहून मार खातो. पावसात वारा सुटला की अवघड लढाई नको, मासेमारी करा. राउटरला छोटा बॅकअप असेल तर उत्तम. नाहीतर फोनवर खेळ बसवून ठेवा. लाईट गेली की मोबाईल डेटावरून त्याच खात्यात शिरा आणि माणसाला बाजूला काढा. मेलातच तर प्रश्न 9.

18. आम्ही दोघं भाऊ एकच अकाउंट वापरतो. चालतं का?

नाही. खातं एकाचंच, नियम तसाच आहे. प्रत्येकानं आपापलं काढा, फुकटच आहे. एका घरातून, एकाच वायफायवर दोघं खेळलात तर काही अडचण नाही. एका माणसानं दोन खाती ठेवली तरी चालतं. एकाच्या सदस्यतेवर दुसऱ्याचं पात्र मात्र चालत नाही.

19. मी आई आहे. मुलगा यात काय करतो ते मला कसं कळणार?

शेजारी बसा आणि त्याला विचारा. पोरांना हे दाखवायला फार आवडतं. गप्पांच्या पाट्या खाली असतात. सार्वजनिक गप्पा बंद करता येतात, खासगी गप्पा फक्त मित्रांपुरत्या ठेवता येतात. कुणी पत्ता, फोटो, शाळा विचारली तर तक्रारीचं बटण तिथंच आहे, हे त्याला आजच दाखवून ठेवा. वेळेचं म्हणाल तर या खेळात सामना मध्येच सोडला म्हणून दुसऱ्या कुणाचं नुकसान होत नाही. ‘दोन मिनिटं’ हे फक्त लढाई चालू असताना खरं असतं. मासे धरत असेल तर तो लगेच उठू शकतो.

20. क्लिक करून बोट दुखतं. फोनवर आपोआप क्लिक करणारं ॲप टाकू का?

टाकू नका, खातं जाईल. एका क्लिकवर बराच वेळ चालणारी कामं निवडा, विलो तोडणं त्यातलंच. कॉम्प्युटरवर रूनलाइट नावाचं बाहेरचं क्लायंट वापरायला कंपनीची परवानगी आहे. ते सूचना देतं, खुणा दाखवतं, तुमच्यासाठी खेळत मात्र नाही.

21. बुधवारी संध्याकाळी अचानक बाहेर फेकला जातो. माझं नेट खराब आहे का?

नेट ठीक आहे. आठवड्याची नवी भर बुधवारी येते. इंग्लंडमध्ये तेव्हा दुपार व्हायची असते आणि आपल्याकडं साधारण चार-पाच वाजलेले असतात. वर वेळ उलटी मोजणारी पाटी दिसते. ती दिसली की लढाईतून बाहेर पडा.

22. आयर्नमॅन घेऊ का? मित्र म्हणतो खरा खेळ तोच.

आयर्नमॅन म्हणजे बाजार नाही, ट्रेड नाही, सगळं स्वतः मिळवायचं. मला स्वतःला तो फार आवडतो, कारण खिळ्याखिळ्याची किंमत कळते. पण साधं पात्र काही महिने खेळून मग घ्या. कुठली वस्तू कुठून येते हे माहीत नसताना आयर्नमॅन घेतलेली पोरं सुतळीच्या एका गुंड्यासाठी तीन दिवस फिरताना मी बघितली आहेत.

23. मी ताकद भरपूर आणि बचाव 1 असं ‘प्युअर’ पात्र करतोय. ‘ड्रॅगन स्लेअर’ केलं तर चालेल ना? वर तुम्हीच करा म्हणालात.

तुम्ही करू नका. प्रश्न 15 मधला सल्ला साध्या पात्रासाठी आहे. ही मोहीम ताकदीचे आणि बचावाचे प्रत्येकी 18,650 गुण देते, ते नाकारता येत नाहीत आणि मिळालेले गुण नंतर काढूनही टाकता येत नाहीत. तुमचं पात्र त्याच क्षणी प्युअर राहणार नाही. कुठलीही मोहीम सुरू करण्याआधी बक्षिसात बचाव आहे का ते विकीवर बघा. लढाईच्या पद्धतींमधली सगळे गुण वाटून देणारी पद्धतही टाळा, तिच्यातूनही बचाव वाढतो. आणि आत्तापर्यंत चुकून बचाव दोन-तीन झाला असेल, तर ते पात्र तसंच साधं खेळा आणि प्युअरसाठी त्याच जॅगेक्स अकाउंटमध्ये नवीन पात्र काढा. जागा आहे.